स्वतःची पुस्तकं छापणाऱ्या लेखकानं न्यूजलेटरची सर्व्हिस कशी निवडावी

"मेलचिंप घ्यावं की सबस्टॅक?" पुस्तक स्वतः छापणारा कुणी भेटला की तिसऱ्या-चौथ्या वाक्याला हा प्रश्न येतोच. वाचकांच्या अख्ख्या यादीला ई-मेलनं पत्र पाठवून देणाऱ्या या दोन सर्व्हिस. मी उलट दोन प्रश्न विचारते. तुमच्याकडे वाचकांचे ई-मेल पत्ते किती आहेत? आणि वर्षाकाठी पत्रं किती लिहून होतील, अगदी खरं सांगा? इथं बहुतेक जण डोकं खाजवतात. पण सर्व्हिस ठरते ती या दोन आकड्यांवर, बाकीचं सगळं नंतर.

माझी ओळख थोडक्यात. सांगलीत हरभट रोडला माझं डीटीपीचं दुकान होतं. लग्नपत्रिका, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल, गावोगावच्या कवींचे संग्रह, सगळं तिथं जुळवलं. आता रहस्यकथा लिहिते, स्वतः छापते आणि स्वतःच विकते. माझे वाचक म्हणजे मिरज, तासगाव, विटा, कऱ्हाडकडचे शिक्षक, बँकेतून निवृत्त झालेले, साखर कारखान्यातले कर्मचारी आणि त्यांची पुण्या-बंगळुरात स्थिरावलेली मुलं. पुढचा सगळा सल्ला या वाचकाला डोळ्यांसमोर ठेवून आहे. अमेरिकेतल्या लेखकांसाठी लिहिलेली मार्गदर्शनं मी पुष्कळ वाचली. त्यांतलं निम्मं आपल्याला लागू पडत नाही, आणि जे आपल्याला नडतं त्याचा त्यांत उल्लेखही नसतो.

आधी व्हॉट्सॲपचं बघू

"मराठी वाचक मेल उघडतो का? सगळे तर व्हॉट्सॲपवर आहेत." हा आक्षेप रास्त आहे. पण व्हॉट्सॲपची ब्रॉडकास्ट लिस्ट २५६ जणांची, आणि ज्यानं तुमचा नंबर फोनमध्ये सेव्ह केलाय त्यालाच तो संदेश जातो. ग्रुप काढलात तर तुमच्या कादंबरीच्या घोषणेखाली दहा मिनिटांत सुप्रभातची फुलं पडतात, आणि प्रत्येकाचा नंबर प्रत्येकाला दिसतो तो वेगळाच. मेल कमी लोक उघडतील, हे मान्य. पण जो उघडतो तो सवडीनं वाचतो, दोन महिन्यांनी शोधून पुन्हा काढतो, आणि उत्तर लिहितो तेव्हा चार ओळी लिहितो. पुस्तक विकत घेणारा वाचक मला तिथंच सापडतो. व्हॉट्सॲप बंद करू नका, त्यावर फक्त "पत्र पाठवलंय, मेल बघा" एवढं टाका.

पन्नासेक वाचक असतील तर कुठलीच सर्व्हिस घेऊ नका. साध्या जीमेलवरून बीसीसीमध्ये पत्ते टाकून पाठवा. साध्या जीमेलची मर्यादा दिवसाला ५०० जणांची आहे, त्यामुळे ती अडचण नाही. मात्र बीसीसीऐवजी सीसीत पत्ते पडले तर सगळ्यांचे पत्ते सगळ्यांसमोर उघडे होतात, आणि ज्याला नको आहे त्याला बाहेर पडायला बटण नसतं. शंभराच्या आसपास पोहोचलात की ही पद्धत सोडा.

पैसे मोजायच्या दोन तऱ्हा

सर्व्हिस कुठलीही असो, ती एक तर यादीतल्या नावांवर पैसे घेते, नाही तर पाठवलेल्या पत्रांवर. लेखकाला हा फरक फार जाणवतो, कारण आपण दुकानदारासारखे आठवड्याला तीन मेल पाठवत नाही. माझ्यासारखीची वर्षाला आठ-दहा पत्रं झाली तरी डोक्यावरून पाणी. नावांवर पैसे घेणारी सर्व्हिस तुम्ही गप्प बसलेल्या महिन्यांचेही पैसे घेते.

ब्रेव्हो ही फ्रेंच सर्व्हिस, आधीचं नाव सेंडिनब्लू, पत्रांवर चालते. फुकटात दिवसाला ३०० मेल. वाचक ४०० असतील तर ३०० ना आज आणि उरलेल्या १०० ना उद्या पाठवा. कादंबरीच्या पत्रात असं काय तातडीचं असतं? वाचकाला तर पत्ताही लागत नाही.

मेलचिंप नावांवर चालतं, आणि त्यात एक खाच आहे. जे वाचक यादीतून बाहेर पडले तेही तुमच्या हिशेबात धरले जातात. तुम्ही स्वतः जाऊन त्यांना अर्काइव्ह केलं तरच ते मोजणीतून जातात. एके काळी २००० नावांपर्यंत मेलचिंप फुकट होतं, म्हणून जुन्या लेखांत सगळीकडे त्याचीच शिफारस दिसते. २०२१ मध्ये इंट्यूइटनं ते विकत घेतलं, आणि पुढे फुकटची मर्यादा उतरत उतरत काही शेकड्यांवर आली. आज नव्यानं सुरुवात करणाऱ्या लेखकाला मी मेलचिंप सुचवत नाही. त्याची सगळी हत्यारं ऑनलाइन दुकानांसाठी आहेत. आपल्याला लागतात त्यातली दोन.

मेलरलाइट ही लिथुआनियाची. वापरायला सोपी, पण त्यांनीही २०२५ मध्ये फुकटची हद्द १००० वरून ५०० नावांवर आणली. किट म्हणजे पूर्वीचं कन्व्हर्टकिट, २०२४ मध्ये नाव बदललं. फुकटात १०,००० नावांपर्यंत जाता येतं, पत्राच्या तळाशी त्यांचं नाव राहतं आणि आपोआप जाणारी पत्रमालिका एकच करता येते. लेखकाला एकच पुरते: नवा वाचक आला की आज पहिलं प्रकरण, चार दिवसांनी दुसरं, आठवड्यानं "पुस्तक इथं मिळेल". रहस्यकथेत तर हे फारच कामाला येतं, कारण दुसऱ्या प्रकरणाच्या शेवटी प्रेत सापडलेलं असतं.

बटनडाउन छोटी, साधी सर्व्हिस आहे, १०० वाचकांपर्यंत फुकट. संगणकाशी ज्यांचं जमतं त्यांना आवडेल. घोस्ट मुक्त स्रोतातलं आहे, स्वतःच्या सर्व्हरवर बसवता येतं, पण त्यासाठी घरात एखादा अभियंता भाचा हवा आणि तो रविवारी फोन उचलणारा हवा. एवढ्यावरच सोडते.

सबस्टॅकबद्दल मात्र सविस्तर, कारण तरुण लेखकांचा ओढा तिकडंच आहे. फुकट आहे, नावांची मर्यादा नाही, डोमेन लागत नाही, पंधरा मिनिटांत पहिलं पत्र जातं. ललित लेख, प्रवासवर्णनं, आठवणी लिहिणाऱ्यानं खुशाल तिथं जावं. त्यांची कमाई सशुल्क वर्गणीतून होते: वाचकानं भरलेल्या पैशांतले १० टक्के त्यांचे, शिवाय पैसे पोहोचवणाऱ्या स्ट्राइपचा आकार वेगळा. आपली अडचण तिथंच आहे. भारतात स्ट्राइप २०२४ पासून निवडक व्यवसायांनाच निमंत्रणानं खातं देते. म्हणजे सांगलीत बसून मराठी सबस्टॅकवर वर्गणी लावायची म्हटली तर बहुतेकांचं घोडं तिथंच अडतं. मग वर्गणीच्या भरवशावर सबस्टॅक निवडण्यात अर्थ नाही. वाचकाकडून पैसे घ्यायचे तर यूपीआय आहेच. पत्राच्या शेवटी "स्वाक्षरीसह प्रत हवी असल्यास या मेलला उत्तर द्या" असं लिहा, उत्तर आलं की यूपीआयचा तपशील पाठवा. माझी विक्री अशीच होते.

सबस्टॅकचं दुसरं खटकतं ते असं की तिथं वाचक जितका तुमचा, तितकाच त्यांचा. नाव नोंदवताना त्याला इतरांची न्यूजलेटरं सुचवली जातात, ॲप घ्या म्हणून आग्रह होतो. बंगळुरातल्या मुलाला याचं काही वाटत नाही. त्याच्या वडिलांना मात्र "मी तर फक्त तुमच्यासाठी नाव दिलं होतं, हे इंग्रजीतलं काय यायला लागलं?" असा प्रश्न पडतो, आणि तो ते मला विचारतात.

मराठीची परीक्षा

इथं मात्र थांबून नीट बघा. तुलनेच्या कुठल्याच तक्त्यात हे सापडणार नाही.

पहिली गोष्ट तुमच्या हस्तलिखिताची. पुस्तक श्री-लिपी किंवा कृतीदेवमध्ये जुळवलेलं असेल तर त्यातला मजकूर सरळ उचलून मेलमध्ये टाकता येत नाही. त्या फॉन्टमध्ये दिसायला मराठी असतं, आत रोमन अक्षरांचे कोड असतात. चिकटवलं की इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा कचरा उमटतो. कन्व्हर्टरमधून युनिकोड, म्हणजे सगळ्या फोन-संगणकांवर वाचता येणारं मराठी, करून घ्या आणि मग डोळ्यात तेल घालून वाचा. रूपांतरात ठरावीक जागी माती खाल्लेली असते: रफार शेजारच्या अक्षरावर जातो, "सूर्य"चा भलताच शब्द होतो, "दुसऱ्या"तला र वेगळा पडतो, "महत्त्व"मधला एक त गळतो, पहिली वेलांटी आधीच्या अक्षराला चिकटते. हे दुरुस्त झाल्यावर मजकूर आधी नोटपॅडमध्ये टाका आणि तिथून सर्व्हिसमध्ये न्या, किंवा कंट्रोल-शिफ्ट-व्ही दाबून साधा मजकूर चिकटवा. वर्डमधून थेट चिकटवलंत तर प्रत्येक ओळीमागे न दिसणारा कोड येतो, आणि त्याचा संबंध पुढच्या मुद्द्याशी आहे.

जीमेल साधारण १०२ केबीच्या पुढचं पत्र कापतं आणि खाली "पूर्ण मेसेज पहा" अशी लिंक ठेवतं. इंग्रजीत लिहिणाऱ्यांना ही हद्द सहसा लागत नाही. आपल्याला लागते, कारण युनिकोड साठवण्याच्या रूढ पद्धतीत रोमन अक्षराला एक बाइट पुरतो आणि देवनागरीत अक्षर, काना, मात्रा, अनुस्वार, पाय मोडणं या प्रत्येकाला तीन. दोन हजार शब्दांचं मराठी पत्र नुसत्या मजकुरालाच तीस-पस्तीस केबी घेतं. त्यावर सर्व्हिसचा नक्षीदार साचा, रंगीत चौकटी, प्रत्येक परिच्छेदाचा कोड, आणि वर्डची घाण असेल तर ती. शंभर कधी ओलांडले ते कळतही नाही. आणि पत्र तळाशी कापलं की काय हरवतं? यादीतून बाहेर पडायची लिंक. ती सापडली नाही की वैतागलेला वाचक सरळ "स्पॅम" दाबतो. अशी चार-दोन बोटं दाबली गेली की पुढचं पत्र इतरांच्याही स्पॅममध्ये जायला लागतं. म्हणून सर्व्हिस बघताना तिच्याकडे साधा, जवळजवळ कोरा साचा आहे का ते आधी बघा. तीस देखणे साचे काय करायचेत?

मग अक्षर. मेलमध्ये आपल्या आवडीचा फॉन्ट पाठवायचा नाद सोडून द्या. जीमेल तो घेत नाही, वाचकाच्या फोनमध्ये जो देवनागरी फॉन्ट असेल तोच दिसतो. तुमच्या हातात आहे तो अक्षराचा आकार आणि ओळींमधलं अंतर. सर्व्हिसचे साचे रोमन अक्षरं डोळ्यांसमोर ठेवून बनवलेले असतात, ओळी दाटीवाटीनं बसवलेल्या. त्यात वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीला जाऊन टेकतो. अंतर १.६ किंवा १.७ करता आलं पाहिजे, अक्षर १७-१८ पिक्सेलचं. अक्षरांमधलं अंतर शून्यच ठेवा. ते वाढवलं की शिरोरेघ तुटते आणि शब्द मणी सुटल्यासारखा दिसतो. तिरपं अक्षर देवनागरीत वापरूच नका. डीटीपीवाली म्हणून हे माझं जुनं भांडण आहे, पुस्तकाच्या पानावरसुद्धा.

काही लेखक यावर उपाय म्हणून अख्खं पत्र पोस्टरसारखं चित्रात करून पाठवतात. दिसायला छान दिसतं. पण चित्रं बंद ठेवलेल्या मेलमध्ये वाचकाला पांढरी चौकट दिसते, मजकूर शोधून सापडत नाही, अक्षर मोठं करता येत नाही, आणि नुसतं चित्र असलेल्या मेलकडे स्पॅमची गाळणी संशयानं बघते. मुखपृष्ठाचं एक चित्र पुरे.

आता सगळ्यात कळीचं. नाव नोंदवल्यावर वाचकाला जी खातरजमेची मेल जाते, ती तुमच्या शब्दांत, मराठीत लिहिता येते का? बऱ्याच ठिकाणी ती मुळात इंग्रजीत असते: अनोळखी पत्ता, इंग्रजी वाक्य आणि मोठं बटण. आपल्याकडे २०२५ च्या मध्यापर्यंत फोन लावला की अनोळखी लिंकवर क्लिक करू नका म्हणून सरकारी सूचना ऐकू यायची. तासगावचे निवृत्त मुख्याध्यापक असल्या बटणाला हात लावतील? लावणार नाहीत आणि लावू नयेत. मी ती मेल अशी लिहिते: "नमस्कार. तुम्ही माझ्या पत्रांसाठी नाव दिलंत. पत्ता बरोबर आहे हे कळण्यासाठी खालचं बटण एकदा दाबा. पैसे, ओटीपी किंवा बँकेची माहिती मी कधीही मागत नाही." खाली माझं नाव आणि पुस्तकाचं नाव. ज्या सर्व्हिसमध्ये हे बदलता येत नाही ती माझ्या यादीतून तिथंच बाद. बटणावरची अक्षरं, "यादीतून नाव काढा" ही तळाची ओळ, नाव काढल्यानंतर दिसणारं पान, हे सगळं मराठीत करता येतं का तेही त्याच बैठकीत बघून घ्या.

पाठवणाऱ्याचं नाव देवनागरीत ठेवा, इनबॉक्समध्ये उठून दिसतं. पण ई-मेल पत्त्यात तुमचं आडनाव रोमनमध्ये असू द्या, कारण वाचक शोधताना रोमनमध्येच टाइप करतात.

डोमेन, पत्ता आणि कार्ड

फेब्रुवारी २०२४ पासून गुगल आणि याहूनं मोठ्या संख्येनं, म्हणजे दिवसाला पाच हजारांच्या घरात, मेल पाठवणाऱ्यांचे नियम कडक केले: मेल खरंच तुमच्याकडून आली हे पटवणाऱ्या एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क या तीन नोंदी, एका क्लिकमध्ये नाव काढण्याची सोय, आणि स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्यांच्या आत. म्हणजे हजार मेलमागे तीन तक्रारी झाल्या तरी धोक्याची रेषा. तेवढ्या मेल आपण पाठवत नाही, पण गाळणी आपल्यालाही त्याच नजरेनं तपासते. व्यवहारात याचा अर्थ एवढाच की पाठवणारा पत्ता जीमेलचा ठेवू नका. मेल जाते सर्व्हिसच्या सर्व्हरवरून आणि वर पत्ता जीमेलचा, हे न जुळणं गाळणीला लगेच दिसतं. स्वतःच्या नावाचं डोमेन, म्हणजे इंटरनेटवरचा स्वतःचा पत्ता, विकत घ्या. सर्व्हिस तुम्हाला दोन-तीन ओळींच्या नोंदी देते, त्या डोमेनवाल्याच्या साइटवर, डोमेनच्या नोंदी ठेवायच्या डीएनएस नावाच्या पानावर, जशाच्या तशा चिकटवायच्या. एकदाच करायचं काम आहे. भीती वाटत असेल तर कॉलेजातल्या कुणाला तरी शेजारी बसवा, चहा होईपर्यंत होतं. सबस्टॅकवर हे लागत नाही, तिथं पत्र त्यांच्याच डोमेनवरून जातं.

पत्राच्या तळाशी टपालाचा पत्ता मागतात तेव्हा दचकू नका. अमेरिकेत २००३ चा कायदा आहे, व्यापारी मेलमध्ये पाठवणाऱ्याचा टपाली पत्ता हवा, आणि तिकडच्या सर्व्हिस तो सगळ्यांनाच लावतात. घरचा पत्ता देऊ नका. बायकांना हे मी विशेष बजावून सांगते. रहस्यकथांचे काही वाचक फार रहस्यमय असतात. मुख्य पोस्ट ऑफिसात पोस्ट बॉक्स भाड्यानं मिळतो, तो नंबर द्या. सबस्टॅक स्वतःचा पत्ता घालतं, किटमध्येही त्यांचा पत्ता वापरायची सोय आहे.

फुकटची हद्द संपली की पैसे डॉलरमध्ये. कार्डावर आंतरराष्ट्रीय व्यवहार चालू करावे लागतात, बँक विनिमयाचा आकार लावते, वर १८ टक्के जीएसटी येऊ शकतो. ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेचे दर महिन्याच्या आपोआप कपातीचे नियम कडक झाले आहेत, त्यामुळे परदेशी कपात मध्येच नाकारली जाते आणि नेमकी प्रकाशनाच्या आठवड्यात सर्व्हिस बंद पडते. शक्य असेल तर वर्षाचे पैसे एकदम भरा. ज्यांना रुपयांत बिल हवंय आणि सहकारी बँकेच्या कार्डावर भागवायचंय त्यांनी झोहो कॅम्पेन्स बघावं. कंपनी चेन्नईची, बिल रुपयांत. पडद्यावर बटणं जास्त आहेत, पहिल्या दिवशी गोंधळायला होतं, पण काम चोख.

यादी तुमच्याकडे असू द्या

टायनीलेटर नावाची एक गोड सर्व्हिस होती, लेखकांची लाडकी. मेलचिंपनं ती २०११ मध्ये घेतली आणि २९ फेब्रुवारी २०२४ ला बंद केली. रेव्ह्यू ही दुसरी. जानेवारी २०२१ मध्ये ट्विटरनं घेतली, जानेवारी २०२३ मध्ये तिचा कारभार आटोपला. सर्व्हिस हा भाड्याचा गाळा आहे, मालक कधीही बदलू शकतो. म्हणून खातं उघडल्यावर पहिलं पत्र लिहिण्याआधी "एक्सपोर्ट"चं बटण शोधा. नाव, पत्ता, नोंदणीची तारीख असलेली सीएसव्ही (एक्सेलमध्ये उघडणारी) फाइल उतरवून बघा. सबस्टॅक, किट, मेलरलाइट, मेलचिंप सगळीकडे ती मिळते. दर तीन महिन्यांनी एक प्रत पेनड्राइव्हवर आणि एक स्वतःला मेल करून ठेवा. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचं पाणी हरभट रोडवर आलं तेव्हा दुकानातल्या वह्या-रजिस्टरांचा लगदा झाला. एकाच जागी ठेवलेल्या यादीवर तेव्हापासून माझा विश्वास नाही.

पत्ते गोळा करायला आपल्याकडे जागा पुष्कळ आहेत. संक्रांतीचं औदुंबरचं साहित्य संमेलन, भिलारला पुस्तकांच्या गावी होणारे कार्यक्रम, तालुक्याच्या वाचनालयातली व्याख्यानं. जानेवारी २०२६ मध्ये साताऱ्यात ९९ वं अखिल भारतीय संमेलन भरलं तेव्हा कितीतरी स्टॉलवर वह्या उघड्या ठेवलेल्या होत्या. वहीचा घोटाळा असा की घाईत लिहिलेल्या पत्त्यात यू आणि व्ही, एक आणि एल कळत नाही. क्यूआर कोड छापून ठेवा, स्कॅन केला की सर्व्हिसचा फॉर्म उघडला पाहिजे. ज्यांना ते जमत नाही त्यांच्यासाठी तुम्ही स्वतः फोनवर पत्ता टाइप करा आणि त्यांना वाचून दाखवा. फॉर्मवर एक ओळ असू द्या: "महिन्यातून जास्तीत जास्त एक पत्र येईल, कधीही थांबवता येईल." २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा हेच म्हणतो: संमती स्पष्ट हवी, आणि ती परत घेणं देण्याइतकंच सोपं हवं.

संमेलनाच्या उपस्थितीची यादी, शाळेच्या माजी विद्यार्थ्यांची यादी, कुणा मित्रानं "घे, तीन हजार पत्ते आहेत" म्हणून दिलेली फाइल, यांना हात लावू नका. मिरजेच्या एका कवीनं असली यादी चढवली. निम्मे पत्ते मेलेले निघाले आणि एका दिवसात त्याचं खातं गोठलं. त्यात त्याचे खरे दीडशे वाचकही अडकले, आणि दाद मागायला फक्त इंग्रजी फॉर्म.

खातं उघडायच्या दिवशी

एक दुपार मोकळी काढा. वर सांगितलेल्यांपैकी दोन सर्व्हिसवर फुकट खातं उघडा, तीन नको, गोंधळ होतो. तेच सातशे-आठशे शब्दांचं मराठी पत्र दोन्हीकडून पाठवा. पाठवायचं कुणाला? स्वतःला, एका आयफोनवाल्याला, एका स्वस्त अँड्रॉइडवाल्याला, ऑफिसच्या संगणकावर आउटलुक वापरणाऱ्या कुणाला, आणि ज्यांनी चष्मा लावून फोनवर अक्षर मोठं केलेलं असतं अशा एका ज्येष्ठाला. स्क्रीनशॉट मागवा. जोडाक्षरं तुटली का, ओळी एकमेकींना टेकल्या का, पत्र तळाला कापलं का, मेल जीमेलच्या जाहिरातींच्या "प्रमोशन्स" कप्प्यात गेली की मुख्य इनबॉक्समध्ये, एवढं बघा. मग त्या ज्येष्ठांना सांगा, "आता नाव काढून दाखवा." त्यांना ते विचारावं न लागता जमलं तर सर्व्हिस चांगली. शेवटी त्या मेलला उत्तर द्यायला सांगा आणि ते तुमच्या रोजच्या इनबॉक्समध्ये येतं का ते तपासा. "नो-रिप्लाय" पत्त्यावरून लेखकानं पत्र पाठवणं म्हणजे दारात पाटी लावून आत जाऊन बसणं.

कितींनी उघडलं याच्या टक्केवारीवर सर्व्हिस निवडू नका आणि पुढं त्यावर झोपही उडवू नका. सप्टेंबर २०२१ पासून ॲपलचं मेल ॲप, वाचकानं ती सोय चालू ठेवली असेल तर, पत्रातली चित्रं त्यानं पत्र वाचण्याआधीच स्वतः उतरवून घेतं. त्यामुळे न उघडलेलं पत्रही उघडलेलं दिसतं. उत्तरं किती आली आणि पुस्तकाच्या लिंकवर किती जण गेले, हे दोन आकडे मला पुरतात.

माझा कौल विचाराल तर असा. लेख लिहायचेत, विकायचं काही नाही: सबस्टॅक. पुस्तकं विकायचीत आणि नव्या वाचकाला प्रकरणं पाठवायचीत: किट, आणि पाचशेच्या आत असाल तर मेलरलाइटही. वर्षाला चारच पत्रं लिहिणार: ब्रेव्हो. डॉलरचं नावच नको: झोहो.

पुढं बदलावंसं वाटलं तर घाबरण्यासारखं काही नाही. जुन्या जागेवरून यादी उतरवा. बाहेर पडलेल्यांची यादी वेगळी उतरवा आणि ती नव्या जागी "पाठवू नये" म्हणून चढवा, नाहीतर सोडून गेलेल्यांना पुन्हा पत्र जाईल. नव्या पत्त्यावरून पहिल्या खेपेला सगळ्यांना पाठवू नका. जे नेहमी उत्तर देतात अशा शंभर-दीडशे जणांपासून सुरुवात करा, आठवड्याभरात बाकीचे. जुन्या जागेवरून शेवटची एक मेल: "पुढचं पत्र या नव्या पत्त्यावरून येईल, तो तुमच्या फोनमध्ये जतन करा." महिनाभर जुनं खातं राहू द्या, उशिरा आलेली उत्तरं तिथं पडतात. मग कार्ड काढा, यादी पुसा आणि खातं बंद करा.